साडेसात हजारांत पाच माणसं: बेगमीवर घर चालवणाऱ्यांसाठी धागा

रानजाई (नाशिक)

किराणा, भाजी, दूध, दळण सगळं धरून महिन्याला साडेसात हजार रुपये. खाणारे पाच: आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. यजमानांचा ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा हा आकडा ठरला आणि तो हलवता येत नाही. रेशनकार्ड आहे, पण त्यावर आम्हाला धान्य मिळत नाही. दर महिन्याला वाण्याकडे यादी टाकून हा आकडा बसला नसता. तो बसतो वर्षाच्या बेगमीमुळे.

पगार झाला की दीड हजार आधी बाजूला पडतात. वर्षाचे अठरा हजार. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत त्यांचं धान्य होतं. या हंगामात आम्हाला पडलेला खर्च: गहू दीड क्विंटल ५१००, कोलम तांदूळ ६० किलो ३३००, तूरडाळ २५ किलो २९००, ज्वारी ४० किलो १८००, शेंगदाणे १२ किलो १५६०, मूग-मटकी-हरभरे-चवळी मिळून २० किलो १८००, लाल मिरची ४ किलो ९००. बेरीज १७,३६०. उरलेल्यातून पापड-कुरडयांचं सामान आणि चिंच.

मग महिन्याचे सहा हजार हातात राहतात. रोज एक लिटर दूध म्हणजे सतराशे, भाजी सतराशे, तेल सहाशे, साखर-गूळ-चहा पाचशे. बाकीच्यात पोहे, रवा, अंडी, दळण. महिन्याच्या पंचवीस तारखेला घरात पीठ नाही असं होत नाही, कारण पिठाचा पैसा त्या महिन्याच्या पगारातून जातच नाही. मला सगळ्यात मोठा आधार याचा वाटतो.

हंगामावर मी हटून बसते. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, नवी डाळ फेब्रुवारीत येते. हरभरा फेब्रुवारी-मार्चला, गहू मार्च-एप्रिलला. मिरची आणि चिंच उन्हाळा सुरू होताना. कांद्याचं तर नाशिककरांना सांगायला नको: नोव्हेंबर-डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही, महिन्याभरात कोंब धरतो किंवा सडतो. एप्रिलचा उन्हाळी कांदा नीट सुकवून, पसरून ठेवला तर दिवाळीपर्यंत जातो. पावसाळ्याच्या शेवटी कांदा महागतो तेव्हा आमचा कांदा माळ्यावर असतो.

आता मुद्द्याचं. बेगमी करणारी घरं खूप आहेत, पण पुष्कळ घरांत ती नुसती पडून राहते. सांडगे वर्षभर डब्यात आणि रोजच्या जेवणाला मात्र चाळीस रुपये पावची भाजी. त्या घरात बेगमीमुळे खर्च वाढतो, कमी होत नाही. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी डबे उघडून आठवड्याचा बेत ठरतो आणि त्यात जे कमी पडेल तेवढंच बाजारातून येतं. आठवड्यात दोन दिवस मोडाची उसळ, एक दिवस पिठलं, एक दिवस मुगवड्यांची रस्साभाजी, एक रात्र थालीपीठ. उरलेल्या दिवशी ताजी भाजी, जी त्या आठवड्यात स्वस्त असेल ती.

तुमच्या भागात साठवणीतलं काय काय रोजच्या जेवणात जातं? सणाला तळायचं नको, रोजचं सांगा.

---

सईची_आई (डोंबिवली)

ताई, हिशेब पटला. पण दीड हजार बाजूला टाकायचे तर त्या महिन्यात खायचं काय? आमच्याकडे आठवड्याचं सामान आठवड्याला येतं, कधी रोजचं रोज. पाव किलो तेलाची पिशवी महाग पडते हे मलाही कळतं, पण अख्खा डबा घ्यायला एकदम पैसे लागतात. जागा एक खोली आणि मोरी. गच्चीला कुलूप. खिडकीत ऊन येतं ते सकाळी तासभर.

---

रानजाई (नाशिक)

सई​ची आई, तुमचा प्रश्न अगदी खरा आहे. बेगमीला पहिल्यांदा एकरकमी पैसा लागतो आणि तोच नसतो. आम्हीही पहिल्या वर्षी सगळं घेतलं नव्हतं.

एकच वस्तू धरा, आणि ती तूरडाळ धरा. गव्हाला जागा लागते, डाळीला लागत नाही. दहा किलो डाळ पलंगाखाली मावते. महिन्याला शंभर-दीडशे रुपये जमतील तसे बाजूला ठेवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जेवढी येईल तेवढी नवी डाळ घ्या. पुढे त्या महिन्यांत डाळीचे पैसे वाचतात, ते पुन्हा त्याच डब्यात टाकायचे. त्यातून दुसऱ्या वर्षी मिरची किंवा कडधान्य. हळू होतं, पण कर्ज काढावं लागत नाही. व्याजाने पैसे घेऊन बेगमी कधीच करू नका, व्याज सगळी बचत खाऊन टाकतं.

ऊन नसेल तर वाळवणाच्या मागे लागूच नका. धान्य-कडधान्यात जे वाचतं ते पापड-कुरडयांत वाचत नाही.

---

माळरान (लातूर)

आमच्या गल्लीतल्या बायकांची धान्याची भिशी आहे. आठ घरं, महिन्याला प्रत्येकी पाचशे. चिठ्ठी काढत नाही. जमलेले पैसे फेब्रुवारीपर्यंत बचत गटाच्या खात्यात राहतात आणि मग सगळ्यांचं मिळून शेतकऱ्याकडून थेट घेतो. पोत्याने घेतलं की भाव उतरतो, टेम्पोचं भाडं आठ जणींत वाटलं जातं. सईच्या आई, तुमच्या मजल्यावर चार घरं जमली तरी एक पोतं फुटतं.

आम्ही अख्खी तूर घेतो. तेल-पाण्याचा हात लावून, उन्हात वाळवून भरडून आणतो. गिरणीत क्विंटलला सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, चुणी म्हशीवाल्याला जाते. भाव बघूनच हे करावं. कधी कधी तयार डाळच परवडते.

रोजच्या जेवणातलं विचारलंत तर येसर. मराठवाड्याबाहेर फार कुणाला माहीत नाही म्हणून सविस्तर लिहिते. ज्वारी किंवा बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळं खमंग भाजायचं. धणे, जिरे, सुकं खोबरं, लाल मिरची, हळद, दगडफूल, लवंग-दालचिनी जी असेल ती, तीही भाजायची. सगळं एकत्र दळून आणायचं. आमटी करताना लसूण-जिऱ्याची फोडणी, पाणी, मीठ, आणि पाण्यात कालवलेलं दोन-तीन चमचे येसर. पाच माणसांची आमटी होते, डाळ शिजवायला नको, कांदा-टोमॅटो नको, गॅस वाचतो. भाकरी कुस्करून खाल्ली की पोट भरतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे दिवसाआड येसर असतं आणि मुलं कुरकुर करत नाहीत.

---

पाऊसपाणी (पुणे)

येसरची कृती वहीत उतरवून घेतली. धन्यवाद.

---

खाडीकाठ (रत्नागिरी)

कोकणात पावसाळा चार महिने. भाजी येते ती घाटावरून, महाग आणि भिजलेली. त्यामुळे मे महिन्यातच आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची. आमच्याकडचं रोजचं सांगतो.

कुळीथ. पीठ करून ठेवलं की अर्ध्या-पाऊण वाटी पिठात चार माणसांचं पिठलं होतं. वर लसणाची फोडणी, दोन आमसुलं. गरम भात. याहून स्वस्त आणि पोटभरीचं जेवण मला माहीत नाही.

आमसुलं घरची. रातांब्याची सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. विकत घेणाऱ्यांनी मेमध्ये घ्यावीत. टोमॅटो महागला की घरात कुणाला पत्ताही लागत नाही, आंबटाला आमसूल आहेच.

फणसाच्या आठळ्या. लोक फेकतात, वाईट वाटतं. धुऊन सुकवायच्या, लाल मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये भाजीत, वालाच्या बिरड्यात, आमटीत. उकडून मीठ लावून मुलांना मधल्या वेळी.

आणि सुकी मासळी: जवळा, बोंबील, सोडे. सोडे महाग, ते पाहुण्यांना. जवळा रोजचा. मूठभर जवळा कोरडाच भाजून, कांदा-मिरची-कोकम घालून परतला की तांदळाच्या भाकरीबरोबर सगळ्यांचं जेवण. घेताना एकच बघा, हाताला ओलसर लागला तर घेऊ नका. घरी आणून पुन्हा दोन कडक उन्हं द्या, गार होऊ द्या आणि मगच बरणीत भरा.

---

म्हापशेकार (गोवा)

आमच्याकडे याला पुरुमेंत म्हणतात. मे महिन्यात मडगाव-म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताचं सामान मांडलेलं असतं: सुके बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी), सोलां (आमसुलं), चिंच, हरमलची मिरची, कांद्याच्या माळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मग ताज्या मासळीचा भाव ऐकवत नाही. त्या दोन महिन्यांत सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे कोशिंबीर, आणि उकड्या तांदळाची पेज. सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठात दाबून ठेवलेली कोवळी कैरी. मीठ आणि कैरी एवढंच लागतं, तेल नाही, मसाला नाही. तेल महाग झाल्यापासून आम्ही तेलाचं लोणचं कमी केलं आणि तोरां वाढवली.

---

तात्या_माणदेश

मी बहात्तरच्या दुष्काळात शाळेत होतो. घरची ज्वारी संपली होती आणि आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर खायला सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची, गार झाली की दात लागत नसे. पण आमची आई एक गोष्ट करायची, ती मला आता वय झाल्यावर नीट समजते. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, गाडगं तिने शेवटपर्यंत मोकळं होऊ दिलं नाही. रोज एक मूठ हुलग्याचं पीठ, त्यात चिमूटभर गूळ आणि भरपूर पाणी, की सगळ्यांना माडगं. आठवड्याचं माप ती रविवारी वेगळं काढायची आणि त्या मापाला सोडून हात घालू द्यायची नाही, अगदी आजोबांनाही.

रानजाई, तुम्ही रविवारी डबे उघडता म्हणालात. त्यात माझी एक भर: आठवड्याचं काढून घ्या आणि मोठा डबा बंद करा. रोज मोठ्या डब्यातून घेतलं की हात सैल सुटतो, आणि पावसाळ्यात दमट हवा आत जाऊन धान्यही बिघडतं.

---

ओवी_अंगणवाडी (अहिल्यानगर जिल्हा)

तात्या, दंडवत.

सईच्या आई, तुमचं कार्ड केशरी आहे का? प्राधान्य कुटुंबात नाव असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. नाव ऑनलाइन चढलंय का आणि सगळ्यांचे आधार जोडलेत का, हे एकदा दुकानात तपासून घ्या. पुष्कळ घरांत सून किंवा नव्या बाळाचं नाव चढवायचं राहतं आणि पाच-दहा किलो दर महिन्याला हातचं जातं.

---

सईची_आई (डोंबिवली)

केशरी आहे ओवीताई. तिघांचं मिळतं, सईचं नाव अजून चढवलेलं नाही. या आठवड्यात जाते. पण रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात असं सगळे म्हणतात. पाण्यात वर तरंगतात. मी निवडून टाकते.

---

ओवी_अंगणवाडी (अहिल्यानगर जिल्हा)

टाकू नका! ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून केलेले दाणे आहेत ते. शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात ते घालत आले आहेत. थोडे वेगळे दिसतात, काही तरंगतात, म्हणून अफवा उठली. आमच्या गावात गरोदर बायका रक्त कमी म्हणून गोळ्या घेतात आणि घरी नेमके हे दाणे वेचून कोंबड्यांना टाकतात. मी घरोघर जाऊन सांगते, इथेही सांगते. फार चोळून, चार-पाच पाण्यांनी धुऊ नका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

भाताला तो तांदूळ जाड लागतो हे खरं. आम्ही त्याची धिरडी, आंबोळ्या, इडल्या करतो. उडीद डाळ एक वाटीला तांदूळ चार वाट्या. गहू चांगला आला तर भरडून लापशी.

---

शेतीमाती (अकोला)

मी कृषी शाखेचा. धान्य टिकवण्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण दीड क्विंटल गव्हाला पोरकिडे लागले तर सगळं गणितच कोसळतं.

कीड बाहेरून येते त्यापेक्षा धान्यासोबतच घरात येते, अंड्यांच्या रूपात. म्हणून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं. दाणा दाताखाली कट्टकन तुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. वाळलेलं धान्य गरम असतानाच कोठीत भरू नका. आत वाफ धरते आणि बुरशी येते. रात्रभर घरात गार होऊ द्या, सकाळी भरून झाका. कोठी काठोकाठ भरा, वर रिकामी हवा जितकी कमी तितकी कीड कमी. पोतं भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका, खाली फळी हवी.

अख्ख्या कडधान्यांना भुंगा लागतो. त्याला किलोला चमचाभर खाद्यतेल किंवा एरंडेल चोळा, प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. त्यामुळे दाण्यावर घातलेली अंडी फुटत नाहीत. रवा, बेसन, मैदा यांना फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवून मग डब्यात भरलं की जाळी धरत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला. हिरवा पाला घातलात तर ओल तुम्हीच आत नेताय.

आता कळकळीने. धान्यातली कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात आणू नका. त्यातून फॉस्फिन वायू निघतो, बंद खोलीत माणसं मरतात. मुलं झोपतात त्याच खोलीत धान्याची कोठी असते आपल्याकडे. दुकानदार देतो म्हणून घेऊ नका. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत मुंबई-कोकणात आहे, तीही मी सोडायला सांगेन. मुलांच्या पोटात ती जायला नको. थोडा तांदूळ घ्या, घट्ट डब्यात ठेवा, लवकर संपवा.

शेंगदाण्याला बुरशी दिसली किंवा दाणा कडू, काळपट लागला तर पैशाकडे बघू नका, फेका. त्यातलं विष भाजून पूर्ण जात नाही.

---

मीठभाकर (कोल्हापूर)

सगळं वाचलं. एक काळजी वाटते ती लिहिते. पिठलं, आमटी, सांडगे, सुकी मासळी... या सगळ्यात मीठ जास्त आणि हिरवं काहीच नाही. वाढत्या मुलांना हे रोज पुरेल का? बचत व्हावी, पण मुलांच्या अंगावर ती निघू नये.

---

रानजाई (नाशिक)

ताई, बरं झालं विचारलंत. म्हणूनच मी दूध आणि भाजीचे पैसे कधी तोडत नाही. धान्यात वाचवते ते त्यासाठीच.

मुगवड्या आणि मोडाची कडधान्यं हा आमचा प्रोटीनचा आधार. एक किलो मटकी भिजून, मोड येऊन दुपटीहून जास्त होते. आठवड्यातून दोनदा अंडी. पापड-कुरडया मी मोजून तळते. तेल लागतं आणि पोट काही भरत नाही.

हिरव्याचं म्हणाल तर शेवग्याचा पाला. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला झाड आहे, कुणी हात लावत नाही. मुगाच्या डाळीत घातला की मुलं खातात, थालीपिठात घातला की कळतही नाही. हिवाळ्यात मेथी दहाला दोन जुड्या होते तेव्हा पोटभर ताजी खायची आणि थोडी सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर रंग आणि वास दोन्ही जातात. मटार जानेवारीत स्वस्त झाला की सोलून फ्रीझरमध्ये.

---

शेतीमाती (अकोला)

आमच्या वऱ्हाडात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवतात. पावसाळ्यात तो भिजवून, थोडं बेसन पेरून घोटली की भाजी तयार. शेतातून खुडून आणला तर फुकट. खुडल्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात, त्यामुळे ओळखीचा शेतकरी नाही म्हणत नाही. सोबत जवसाची चटणी.

---

मीठभाकर (कोल्हापूर)

आता समाधान झालं. आमच्याकडची सांडगी मिरची लिहून ठेवते, दही-भाताला भाजी लागत नाही. जाड, कमी तिखट मिरच्यांना उभी चीर द्यायची. मेथीदाणे, धणे, जिरे, हिंग भरडून मीठ आणि आंबट ताकात कालवून भरायचं, कडक वाळवायचं. मीठ बेताने घाला. वाळल्यावर खारटपणा वाढतो.

---

सईची_आई (डोंबिवली)

सईचा आधार आणि जन्मदाखला काढून ठेवलाय, सोमवारी रेशन दुकानात जाते. मजल्यावरच्या तिघींशी बोलले. चार घरं मिळून तीस किलोचं तूरडाळीचं पोतं घ्यायचं ठरतंय. माळरानताई, पैसे कुणाकडे ठेवायचे आणि वाटप कसं करता तेवढं सांगा, भांडण नको व्हायला.

---

माळरान (लातूर)

पैसे एकीकडे, वही दुसरीकडे. दर महिन्याला सगळ्यांसमोर वहीवर सही. डाळ आली की पोतं सगळ्यांसमोर फोडायचं आणि दुकानातला वजनकाटा अर्ध्या तासासाठी मागून आणायचा, अंदाजाने वाटायचं नाही. तळाची चुरी वेगळी काढून तीही चौघींत सारखी. कुणाला एखाद्या महिन्यात भरता आलं नाही तर नाव काढू नका, तिचं माप तेवढं कमी करा. आमच्यातल्या एकीने मागच्या वर्षी निम्मेच भरले होते, तिला निम्मी डाळ मिळाली, आणि यंदा ती पूर्ण भरतेय.